चहाच्या सुट्टीतला पल्स

मला क्रिकेट कळत नाही. एलबीडब्ल्यू म्हणजे काय, हे एकतीस वर्षांच्या नोकरीत मला निदान पन्नास पेशंटांनी समजावून सांगितलं असेल. एकानं तर औषधाच्या बाटल्यांचे स्टंप मांडून दाखवले. मी दर वेळी मान डोलावली आणि दर वेळी विसरले. तरीही आपली विकेट पडली की ती मला टीव्ही न बघता कळायची.

त्याचं असं आहे. जालना रोडवरच्या एका खासगी हॉस्पिटलात मी हृदयविकार विभागात नर्स होते, शेवटची अकरा वर्षं इन्चार्ज. आमच्या टेबलावर एक मोठा पडदा असतो. वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटच्या छातीला तारा लावलेल्या असतात, आणि त्या सगळ्यांच्या हृदयाची रेघ या पडद्यावर पळत असते. रेघेच्या पुढं आकडा असतो. तो पल्स, म्हणजे मिनिटाला किती ठोके. एरवी हे आकडे आपापल्या चालीनं वरखाली होत राहतात. मॅचच्या दिवशी मात्र बाहत्तरचा नव्वद, ऐंशीचा शंभर, असे सगळे एकदम उडायचे, आणि मी हातातलं पेन खाली न ठेवता म्हणायचे, "गेली वाटतं." तोवर खोल्याखोल्यांतून अरारारा ऐकू यायचंच.

एकदिवसीय सामने परवडले, संध्याकाळपर्यंत काय तो निकाल लागतो. कसोटी वाईट. पाच दिवस भीती पुरवून पुरवून खायची. समोरचे खेळत असतील तोवर पेशंट डुलक्या काढतात. पण आपली बॅटिंग आली, तीही पाचव्या दिवशी, जिंकायला नव्हे तर नुसता दिवस काढायला, की सगळ्या वॉर्डाची झोप उडते. एक गेला की दुसऱ्याचे पाय लटपटतात. बॅट्समनांचं मला ठाऊक नाही, पण पेशंटांचं हे असंच असतं. एका खाटेवरचा दगावला की शेजारच्या तिघांचं बीपी बिघडतं. म्हणून अशा सकाळी मी ईसीजीच्या कागदाचं जास्तीचं बंडल काढून ठेवायचे.

माणसंही एकेक भेटली. वैजापूरचा एक कांद्याचा व्यापारी होता. बायपासला न्यायला स्ट्रेचर दारात आलं, तर हा खाटेचा गज धरून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, एवढा फालोऑन टळू द्या, मंग काय कापायचं ते कापा." डॉक्टर त्याला रागावले, आणि रागावून झाल्यावर हळूच विचारलं, "किती हवेत अजून?" आमचे डॉक्टरही त्यातलेच.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हृदयाच्या पेशंटला 'दुखतंय का' असं विचारून काही हाती लागत नाही. आमच्याकडचा शेतकरी गडी दुखतंय म्हणतच नाही. तो म्हणतो, कसंतरी होतंय. भरल्यासारखं झालंय. गॅस झालाय. पुस्तकात लिहिलंय, पेशंटला विचारा, एक ते दहापैकी दुखणं किती? मी विचारायचे, आणि घामानं भिजलेला माणूस विचार करून सांगायचा, "दीड." तेव्हा मी नव्या मुलींना एकच शिकवलं. तोंडाकडं बघायचं, वरच्या ओठावरचा घाम बघायचा, आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा.

दुसरं, आमच्या धंद्यात एक शब्द उच्चारायचा नसतो. 'शांत.' आज वॉर्ड शांत आहे, असं कुणी म्हणालं की तासाभरात धावपळ झालीच म्हणून समजा. शिकलेल्या बायका आम्ही, पण या शब्दाला भितो. नवी मुलगी चुकून बोलली तर जुन्या सिस्टर तिच्याकडं अशा बघतात, की दुसऱ्यांदा बोलायची तिची टाप होत नाही. बोलाफुलाला गाठ पडते, दुसरं काय. क्रिकेटवाल्यांचंही असंच असतं, हे मला कळायला दोनशे सात नंबरची खोली कारणीभूत झाली.

त्या खोलीत दोन खाटा. खिडकीकडच्या खाटेवर करमाडचे दादाराव. अडुसष्ट वर्षांचे, घरी पंधरा एकर, मुलगा सतीश शेंद्र्याला कंपनीत. दोन दिवसांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. म्हणजे हृदयाची बंद पडलेली नळी आत तार घालून उघडायची आणि पुन्हा मिटू नये म्हणून तिथं जाळीचा छोटा तुकडा बसवायचा. ती छान झाली होती, उद्या घरी जायचे होते. दाराकडच्या खाटेवर कुलकर्णी सर, सिडकोतले, गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचीही प्लास्टी झालेली. दोघांची ओळख तीन दिवसांची, पण कसोटी चालू असल्यानं ती तीस वर्षांची वाटत होती. सर एका वहीत प्रत्येक ओव्हर लिहायचे, समोर घड्याळातली वेळसुद्धा लिहायचे.

कसोटी ऑस्ट्रेलियात होती, म्हणजे आपल्याकडं पहाटे पाचला सुरू. पाचवा दिवस. आपल्याला फक्त संध्याकाळपर्यंत टिकायचं होतं, आणि ती संध्याकाळ आपल्याकडं दुपारी बारा-साडेबाराला होणार होती. मी सात वाजता ड्युटीवर आले, तेव्हा त्यांची जेवणाची सुट्टी झाली होती आणि आपले तीन गेले होते. कॉरिडॉरमध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं. खेळ पुन्हा सुरू झाला आणि सव्वाआठच्या सुमाराला पडद्यावरचे आकडे पाठोपाठ दोनदा उडाले. पाच.

दर अपिलाला दोनशे सातचा मॉनिटर कोकलत होता. मॉनिटरला मर्यादा लावलेली असते. पल्स एकशे दहाच्या वर गेला की तो बोंब मारतो. कुलकर्णी सरांनी मला हात जोडले. "सिस्टर, याचा काहीतरी बंदोबस्त करा. बॅट्समनपेक्षा याचीच धास्ती वाटते." मी खोलीत गेले आणि दोघांच्याही मॉनिटरची मर्यादा एकशे तीस करून टाकली. करायची नसते. मॅचच्या दिवशी मी करायचे. आजवर काही झालं नव्हतं.

पाचवी विकेट पडली तेव्हा दादाराव बाथरूमला जायला उठत होते. एक पाय चपलेत, एक उघडा, डावा हात मानेमागं. पुढचा बॉल बघून जाऊ म्हणून ते तसेच खाटेच्या कडेला टेकले. तो बॉल टळला. ती ओव्हर टळली. पुढचीही टळली. तेव्हा सर म्हणाले, "दादाराव, आता हलायचं नाही. सतीश, तूही आहेस तिथंच थांब."

पस्तीस वर्षं पोरांना संभाव्यता शिकवलेला हा माणूस. पण जोडी जमली की जागचं हलायचं नाही, हा आपल्या देशाचा कायदाच आहे, आणि तो गणिताच्या मास्तरांनाही लागू होतो. सतीश थर्मास हातात घेऊन दाराशी उभा राहिला. फरशी पुसायला आलेल्या आमच्या नसीमआपांनाही थांबवून ठेवलं. आपा खुलताबादहून रोज पहिल्या बसनं येतात आणि कुणाचं ऐकत नाहीत, पण त्याही फडकं धरून दोन ओव्हर उभ्या राहिल्या आणि मग "मेरेकू दस कमरे पोछने है" म्हणत निघून आल्या आणि मला सगळं सांगून खूप हसल्या.

नऊ वाजता मी औषधांचा ट्रे घेऊन गेले. सर ओरडले, "सिस्टर, उंबऱ्यातच थांबा. ओव्हर होऊ द्या." आणि मी थांबले. मला गंमत वाटली. ओव्हर संपल्यावर मी आत जाऊन गोळ्या दिल्या. दादाराव डाव्या हाताची बोटं उघडत-मिटत होते.

"हात दुखतोय का, बाबा?"

"दुखत नाय, शिष्टर. अवघडलाय. कवाधरनं असाच धरलाय न."

"हात काढू नका हं," सर म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसले.

मग मी विचारलं, "छातीत काही?"

"सिस्टर, बॉल पडतोय," सर म्हणाले. आम्ही सगळ्यांनी टीव्हीकडं बघितलं. बॉल बॅटला लागून पायाशी मेला. खोलीतल्या सगळ्यांनी श्वास सोडला, दादारावांनीही सोडला, आणि मी त्यांचा तो श्वासच उत्तर म्हणून धरला. ट्रे घेऊन बाहेर आले. कागदावर लिहिलं, तक्रार नाही.

टेबलाशी आले तेवढ्यात आयसीयूमधून फोन आला. त्यांना एक पेशंट आमच्याकडं पाठवायचा होता. तिकडच्या सिस्टरनं विचारलं, तुमच्याकडं काय चाललंय. मी म्हणाले, "सगळं शांत आहे." बोलून गेल्यावर जीभ चावली.

पडद्यावर दादारावांचा आकडा चौऱ्याण्णव होता. थोड्या वेळानं अठ्ठ्याण्णव. मी मनात म्हटलं, बॉलर दमवतोय वाटतं. एकशे चार. दुसऱ्या पेशंटच्या कागदपत्रांवर सही करता करता मी वर बघितलं, एकशे आठ. कुलकर्णी सरांचा आकडा मात्र ब्याऐंशीवर स्वस्थ होता. हे मला दिसलं होतं. दिसूनही मला त्याचा अर्थ लागला नाही, कारण इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं, मॅचच्या दिवशी पल्स वाढला की क्रिकेट.

तेवढ्यात नसीमआपा बादली घेऊन समोरून गेल्या. मी सहज विचारलं, "आपा, दोनशे सातमध्ये काय चाललंय? फार टेन्शन आहे का?"

"कायका टेन्शन बाई," आपा म्हणाल्या. "चाय पीने गए सब प्लेयरां. खेल बंद है अब. टीव्ही पे साबन की अ‍ॅड चालू है."

मी पडद्याकडं बघितलं. एकशे तेरा.

कुणी बॉल टाकत नव्हतं. कुणी बॅट उचलत नव्हतं. तिकडं सगळे चहा पीत होते, आणि करमाडच्या एका माणसाचं हृदय मिनिटाला एकशे तेरा वेळा धडधडत होतं. क्रिकेटचा पल्स चढतो आणि पुढच्या बॉलला उतरतो. हा नुसता चढत होता, जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसा. तोवरच्या नोकरीत मी हॉस्पिटलात कधी पळाले नव्हते. नर्स पळाली की नातेवाईक घाबरतात, म्हणून भराभर चालायचं असतं. त्या दिवशी मी पळाले.

दादाराव तसेच बसले होते. एक पाय चपलेत, एक उघडा, हात मानेमागं. चेहरा राखेच्या रंगाचा. वरच्या ओठावर घामाचे थेंब. कुलकर्णी सर वहीत बेरीज करत होते आणि सतीश खिडकीतून बाहेर बघत होता. सुट्टी लागली म्हणून कुणाचंच त्यांच्याकडं लक्ष नव्हतं.

"बाबा, आडवे व्हा."

"नाय. हलायचं नाय." आवाज पार खोल गेला होता. "ब्रेकमधी बी नाय, सर म्हनले."

"छातीत दुखतंय?"

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि या खेपेला उत्तराची वाट बघितली.

"भरून आल्यावानी झालंय. धोंडा ठुल्यावानी."

कुलकर्णी सरांच्या हातातली वही खाली पडली. "उठा हो, दादाराव," ते म्हणाले. "मी सोडलं तुम्हाला. हला तुम्ही." आणि ते रडायला लागले.

आम्ही त्यांना आडवं केलं. ईसीजीचा कागद बाहेर येत होता आणि त्यावरची रेघ बघूनच मला कळलं. दोन दिवसांपूर्वी उघडलेली नळी पुन्हा बंद झाली होती, जाळीत गुठळी अडकली होती. असं क्वचित होतं, पण झालं तर मिनिटं मोजायची असतात. डॉक्टर धावत आले. पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कधीपासून दुखतंय?"

दादाराव म्हणाले, "डिरिंकच्या टायमाला सुरू झालं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मला कुठलं ड्रिंक ते कळेना. कुलकर्णी सरांनी खाली वाकून वही उचलली, पान उलटलं आणि शाळेत सांगावं तसं सांगितलं, "खेळातला ड्रिंक्स ब्रेक आठ चाळीसला झाला." 

म्हणजे तासभर. म्हणजे नऊ वाजता, मी ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी राहून हसत होते, तेव्हा तो धोंडा त्यांच्या छातीवर होता. डावा हात अवघडला नव्हता, दुखत होता. मी विचारलं होतं आणि उत्तर न घेता निघून आले होते.

त्यांना कॅथलॅबमध्ये नेलं. नळी उघडतात ती ही खोली. दार लागलं आणि वर लाल दिवा लागला. सतीश भिंतीला पाठ लावून खाली बसला. "मला वाटलं, ते मॅचला घाबरलेत," तो म्हणाला. मलाही तेच वाटलं होतं.

माझ्या वॉर्डात दुसरे पेशंट होते म्हणून मी परत आले आणि आधी दोनशे सातमध्ये डोकावले. खेळ सुरू झाला होता. कुलकर्णी सर दादारावांच्या खाटेच्या कडेला बसले होते. एक पाय दादारावांच्या चपलेत, एक उघडा. डावा हात मानेमागं. त्यांच्या छातीच्या तारा ताणून इथपर्यंत आल्या होत्या.

"सर, हे काय?"

"मी नुसती त्यांची जागा धरलीय," ते म्हणाले. टीव्हीकडं ते बघतही नव्हते. "ते आत आहेत तोवर कुणीतरी धरायला पाहिजे ना, सिस्टर."

मला राग यायला हवा होता, आला नाही. "सर, हात खाली घ्या. अजून एक पेशंट मला झेपायचा नाही," मी म्हणाले, आणि त्यांचा हात धरून मीच खाली घेतला. त्याच वेळी टीव्हीवर गलका झाला. सहावी विकेट.

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच सांगते. मला वाटलं, ही मी पाडली. आणि मॅचचं काय व्हायचं ते होवो, पण आत टेबलावर दादारावांचंही काही पाडलं की काय, अशी भीती वाटली. विज्ञान शिकलेली बाई मी. वॉर्डातल्या पडद्यासमोर दुसऱ्या सिस्टरला बसवलं आणि कॅथलॅबच्या दारासमोर जाऊन उभी राहिले. कॉरिडॉरच्या एका फरशीचा कोपरा तुटलेला आहे. मी त्या फरशीवर उभी होते. सतीशनं विचारलं, "सिस्टर, बसता का?" मी नाही म्हणाले. चाळीस मिनिटं मी त्या फरशीवरून पाय उचलला नाही.

दार उघडलं. डॉक्टरांनी मास्क खाली केला आणि म्हणाले, "उघडली."

हृदयाचा एक भाग मात्र कायमचा कमजोर झाला. तास गेला होता तो गेलाच होता. तासाऐवजी वीस मिनिटं गेली असती तर तो वाचला असता, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी मर्यादा वाढवल्याचं आणि उत्तर न घेतल्याचं चुकांच्या रजिस्टरमध्ये माझ्या हातानं लिहिलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मॅच असो नसो, मर्यादेच्या बटनाला कुणालाही हात लावू दिला नाही. मुलींना वाटायचं, बाई खडूस आहे.

दुसऱ्या दिवशी आयसीयूमध्ये मी हे सगळं दादारावांनाही सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "तुमचं काय बी नाय, शिष्टर. आमीच येडे." थोड्या वेळानं विचारलं, "म्याच ऱ्हायली का?"

"नाही, बाबा. हरलो."

ते छताकडं बघत राहिले. "म्हंजी मी हललो नसतो तर..."

"तर मॅचही गेली असती आणि तुम्हीही."

त्यावर ते हसले, हसल्यावर छातीत दुखलं. मी विचारलं, किती. ते म्हणाले, "दोन." दीडवरून दोनपर्यंत आणलं, हीच काय ती माझी कमाई.

घरी जाताना मी त्यांच्याकडून शब्द घेतला. क्रिकेट बघा, पण प्रत्येक ब्रेकला उठायचं, अंगणात फेरी मारायची आणि मला फोन करायचा. त्यांनी तो पाळला. जेवणाची सुट्टी झाली की फोन वाजायचा, चहाची झाली की वाजायचा. "शिष्टर, हललो बरं का." एवढंच बोलून ठेवून द्यायचे. मी निवृत्त होऊन गारखेड्याला घरी बसले, तरी ते चालूच आहे. त्यामुळं आता मला एलबीडब्ल्यू कळत नसलं तरी कसोटीचं वेळापत्रक तोंडपाठ आहे.

या हंगामात मॅच आपल्याकडंच होती. साडेनऊला सुरू, साडेअकराला जेवणाची सुट्टी. मी स्वयंपाक करता करता टीव्ही लावला होता. आपले भराभर चालले होते. जेवणाआधी पाच गेले. पुन्हा पाचच, हे मला नको तेव्हा आठवलं. साडेअकरा झाले. कढईत मेथी टाकली. पावणेबारा झाले. फोन वाजला नाही.

मी लावला. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. डोळ्यांसमोर एक पाय चपलेत आणि एक उघडा दिसायला लागला. तिसऱ्यांदा लावला. अशा वेळी काय काय मनात येतं ते सगळं आलं. चौथ्यांदा कुणीतरी उचलला. सतीश होता, धापा टाकत.

"सिस्टर, बाबांचा फोन आत राहिला. ते विहिरीपर्यंत चालत गेलेत, मी मागं मागं होतो."

"बरे आहेत ना?"

"व्हय, व्हय. पाच गेले तवाच उठले. आम्ही म्हणलो, बाबा, बसा, अजून ब्रेक नाय झाला. तर म्हणले, सगळे जाऊ द्या, मी हलतो. शिष्टरला सांग."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. घरभर जळका वास सुटला होता. गॅस माझ्यापासून दोन पावलांवर होता. फोन लावायला घेतल्यापासून मी एका फरशीवर उभी होते आणि मेथी करपून कोळसा होईपर्यंत मी तिथून हलले नव्हते.